अडीचची बोट: घारापुरीच्या एका सहलीचं प्रकरण

सहलीची पहिली तारीख ठरली ती सोमवारची. तळमजल्यावरच्या काकूंनी सुचवली, आणि कारण बिनतोड होतं: घारापुरी हे शंकराचं ठिकाण, सोमवार शंकराचा वार, शिवाय शनिवार-रविवारची झुंबड नाही. सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर धडाधड अंगठे पडले. मी सोसायटीची खजिनदार, त्यामुळे हिशेब आणि आखणी दोन्ही माझ्या गळ्यात. मीही अंगठा टाकला. घारापुरीची लेणी आठवड्यातून एकच दिवस बंद असतात आणि तो दिवस सोमवार, हे मला दुसऱ्या दिवशी ऑफिसात डबा खाताना कळलं. काकूंना सांगायला गेले तर म्हणाल्या, "अगं, त्यालाही एक दिवस सुट्टी हवीच की."

पुढच्या सहलीआधी हे सगळं लिहून ठेव, असं कमिटीने सांगितलं म्हणून हे लिहिते आहे. सहल मोडली नाही, कोणाला लागलं-खुपलं नाही. पण एका जागी आम्ही फसलो, आणि जिथे फसलो ती जागा आमच्या आखणीत कुठेच नव्हती.

माणसं

सुरुवातीला २१ जण होते. १८ डिसेंबर २०२४ ला घारापुरीकडे निघालेल्या प्रवासी बोटीवर नौदलाची स्पीडबोट आदळली आणि १५ जणांचा जीव गेला, त्याला अजून वर्षही झालं नव्हतं. दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनींनी तेच कारण सांगून आपली आणि मुलीची नावं काढून घेतली. चार जण त्यांना समजवायला निघाले होते, मी त्यांना थांबवलं. पाण्याची भीती वाटणाऱ्या माणसाला आग्रह करून बोटीत बसवलं की तासभर तो भितो आणि बाकीचे त्याच्या तोंडाकडे बघत बसतात.

उरले १९. त्यातले १५ मोठे, चार मुलं. सर्वांत लहान सहा वर्षांचा, सर्वांत मोठ्या काकू, ७६ वर्षांच्या. काकूंच्या दोन्ही गुडघ्यांच्या वाट्या बदललेल्या. सपाटीवर त्या माझ्यापेक्षा भरभर चालतात, पण पायरी आली की आधी कठडा शोधतात. आणखी पाच जण पासष्टीच्या पुढचे, आणि त्यातल्या दोघांना दर दीड तासाला बाथरूम लागतं. हे कोणी ग्रुपवर लिहीत नाही. घरी जाऊन विचारावं लागतं, तेही पुरुषांना पुरुषाने आणि बायकांना बाईने. मी आणि तिसऱ्या मजल्यावरच्या भाऊजींनी एक संध्याकाळ तेवढ्यासाठी घालवली. साऱ्या तयारीतली सर्वांत उपयोगी संध्याकाळ तीच.

उलटीकडून

घारापुरी मुंबईच्या बंदरात, गेटवेपासून दहा-अकरा किलोमीटरवर. लाकडी बोटीने साधारण तास लागतो. बोट मुंबईतून सुटते म्हणून बेटही मुंबईचंच वाटतं, पण ते रायगड जिल्ह्यातलं, उरण तालुक्यातलं. शेतबंदर, राजबंदर, मोराबंदर अशी तीन गावं आहेत. समुद्राखालून केबल टाकून तिथे कायमची वीज पोचली ती २०१८ साली. पर्यटकांना बेटावर रात्री राहता येत नाही, त्यामुळे सकाळी नऊची पहिली बोट आणि संध्याकाळी साडेपाचच्या सुमाराला परतणारी शेवटची, या दोन खुंट्यांमध्येच दिवस ताणायचा असतो.

भाऊजींचा पहिला कागद असा होता: सकाळी निघायचं, लेणी बघायची, टेकडीवरच्या तोफा बघायच्या, जेवायचं, मग "वेळ उरेल तसं" परत. मला त्यातलं "वेळ उरेल तसं" खटकलं. शेवटच्या बोटीला मागे राहिलेलं सगळं बेट एकदम धावतं. मुंबईत अशा वेळी पुढची लोकल असते. इथे पुढची बोट उद्या सकाळी. म्हणून मी कागद उलटीकडून भरला. शेवटची बोट आपली नाहीच असं धरायचं. आपली बोट अडीचची. ती चुकली तर तीन, साडेतीन, चार अशा बोटी हाताशी. अडीचला बोटीत बसायचं तर दोनला धक्क्याकडे निघायचं, तर दीडपर्यंत जेवण उरकायचं, तर साडेबाराला पानावर बसायचं, तर अकराला लेण्यात पाऊल, तर साडेदहाच्या आत बेटावर, तर नऊची बोट, तर आमच्या डोंबिवलीहून पावणेसातच्या आत जलद लोकल. असा हिशेब मांडल्यावर एक गोष्ट आपोआप कळली. लेण्यासाठी सव्वा तास मिळतो आणि तोफांच्या टेकडीला वेळच नाही. भाऊजींचं तोंड उतरलं. टेकडी मुलांपुरती ठेवू, असं मी कबूल केलं. हे कबूल करणं पुढे महागात पडलं.

तिथी

ऑफिसात उरणजवळच्या करंजा गावच्या एक ताई आहेत. कोळीवाड्यातल्या, नवऱ्याची बोट आहे. शनिवार की रविवार, असं मी त्यांना विचारत होते. त्यांनी वाराकडे लक्षच दिलं नाही. "तिथ कंची हाय ते बोला."

कोकणात हा हिशेब पोराटोरांना येतो. अमावास्या किंवा पौर्णिमेपासून मोजलेली तिथी घ्यायची आणि पाऊणकी, म्हणजे पाऊणपटीचा पाढा, म्हणायची. दोन पाऊणे दीड, म्हणजे द्वितीयेला दीडच्या सुमाराला पूर्ण भरती. आठ पाऊणे सहा, म्हणजे अष्टमीला भरती सहाला आणि भर दुपारी बाराला ओहोटी. शाळेत पाऊणकी आमच्या पिढीने शिकलीच नाही. आजोबा म्हणायचे तेव्हा ते फक्त बाजारासाठी आहे असं वाटायचं. मी ताईंचं उत्तर भरती-ओहोटीच्या छापील तक्त्याशी ताडून पाहिलं. थोडा फरक निघाला, पण सहल आखायला पुरेसं होतं.

याचा सहलीशी संबंध काय, तर धक्का जागचा हलत नाही आणि बोट पाण्याबरोबर वर-खाली होते. पुनवे-अवसेच्या उधाणात मुंबईत भरती आणि ओहोटीच्या पाण्यात चार मीटरपेक्षाही जास्त फरक पडतो. पाणी उतरलं की धक्क्याच्या खालच्या पायऱ्या उघड्या पडतात, त्यावर हिरवं शेवाळ, आणि बोटीच्या काठावरून त्या पायरीवर पाऊल टाकायचं, तेही बोट हलत असताना. पंचविशीतल्या पोराला याचं काहीच वाटत नाही. वाट्या बदललेल्या माणसाची सहल मात्र तिथेच संपू शकते. आम्हाला साडेदहाला उतरताना आणि अडीचला चढताना, दोन्ही वेळा पाणी वर हवं होतं. दीडची भरती म्हणजे सकाळी पाणी चढतीला आणि अडीचला जवळजवळ भरलेलं.

रविवार नको, कारण मध्य रेल्वेचा मेगाब्लॉक. सोमवार देवाच्या सुट्टीचा. म्हणून शनिवार, २२ नोव्हेंबर २०२५, शुद्ध द्वितीया. मी खूश होते. काकूंनी तारीख ऐकली, कॅलेंडरकडे बघितलं आणि म्हणाल्या, "शुद्ध द्वितीया बरोबर, पण कशाची? मार्गशीर्षाची."

तिथी पाहिली, महिना पाहिला नाही. आदल्याच दिवशी मार्गशीर्ष लागत होता. बेटावरच्या एका घरगुती खानावळीत ताईंच्या ओळखीने मी १४ ताटं मासळीची आणि पाच शाकाहारी सांगून बसले होते. मार्गशीर्ष म्हटल्यावर एकेक फोन येऊ लागले. शेवटी मासळीची सात आणि शाकाहारी बारा असा आकडा झाला. खानावळीतल्या बाई फोनवर हसल्या. "दरसाल ह्येच होतं ताई, काळजी करू नका." मी तरी केली.

प्रत्यक्षात

गाडी वेळेवर मिळाली. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला उतरल्यावर सगळ्यांना बाथरूमला पाठवलं. बोटीतल्या सोयीवर विसंबायचं नाही हे आधीच ठरलं होतं. तिथून टॅक्सीने गेटवे. बोटीचं तिकीट परतीचं असतं आणि येताना ते दाखवावं लागतं. १९ तिकिटं भाऊजींनी एकदम काढली, रबर लावून पाकिटात ठेवली. काकू म्हणाल्या, "माझं माझ्याकडे द्या." भाऊजी म्हणाले, "काकू, हरवेल." काकूंनी हात पुढे केला तो मागे घेतलाच नाही. तिकीट मिळाल्यावर त्यांनी त्याची चार घड्यांची पुडी केली आणि पदराच्या टोकाला गाठ मारली.

बोटीत लाइफ जॅकेट घालण्यावरून पाच मिनिटं गेली. नऊवारीवर ते नारिंगी जॅकेट, त्याचे पट्टे कंबरेत कुठून घ्यायचे हा प्रश्न. शेवटी एका खलाशाने गुडघ्यावर बसून बकल लावून दिलं आणि म्हणाला, "आता आजी कप्तान दिसताय." वरच्या मजल्यावर जायला वेगळे पैसे पडतात. मुलांसाठी ते दिले, पण कठड्याला टेकून उभं राहायचं नाही या अटीवर. थंडीच्या दिवसात कुरव पक्षी बोटीच्या मागे लागतात. लोक त्यांना वेफर्स टाकतात, आमच्यातल्यांनीही टाकले. मी दुसरीकडे बघितलं, सगळ्याच गोष्टींवर भांडता येत नाही. एका बाजूला तेलाच्या टाक्यांचं जवाहर द्वीप, पुढे न्हावाशेवाच्या क्रेनी.

बेटाच्या धक्क्यावर पाणी पायरीच्या बरोबरीला होतं. काकू माझा हात न धरता उतरल्या. धक्का लांबलचक आहे, त्यावर छोटी आगगाडी चालते. ज्येष्ठ आणि मुलं तीत, बाकीचे चालत.

पुढे सव्वाशेच्या आसपास पायऱ्या, दोन्ही बाजूंना माळा आणि दगडी हत्ती विकणाऱ्यांच्या ताडपत्र्या. पायथ्याशी डोलीवाले असतात: बांबूला बांधलेली खुर्ची, चार माणसं. दर आधीच ठरवून घेतला, जाऊन-येऊन दोन हजार. काकू बसेनात. "माणसांच्या खांद्यावर बसून देवाला जायचं?" वीस-पंचवीस पायऱ्या चढल्या, कठडा धरून थांबल्या, आणि मग काही न बोलता खुर्चीत बसल्या. वर पोचेपर्यंत त्यांनी चौघांचीही गावं विचारून घेतली होती. पिशवीतल्या तिखटमिठाच्या पुऱ्या त्यांना दिल्या. उरलेल्या पुऱ्यांवर माकडांची नजर होती, पण त्यांनी शेवटी हिसकली ती सहा वर्षांच्या पोराच्या हातातली ज्यूसची बाटली. झाकण फिरवून उघडली हो, तोंडाला लावली आणि आमच्याकडे बघत प्यायलं ते माकड.

तिकीट माणशी ४० रुपये, पंधरा वर्षांखालच्या मुलांना नाही. लेण्यात आम्ही फक्त चार ठिकाणी थांबायचं ठरवलं होतं, आणि सोसायटीतले निवृत्त शिक्षक असलेले एक काका बोलणार होते. सहाव्या शतकातलं काम, कलचुरींच्या काळातलं असं बरेच अभ्यासक मानतात, १९८७ पासून जागतिक वारसा यादीत. एवढं सांगून काका थेट मोठ्या मूर्तीपुढे गेले. बाहेरच्या उन्हातून आलं की आधी काहीच दिसत नाही. खांब दिसतात, मग खांबांच्या पलीकडे काळोखातून एक गाल आणि खालचा जाड ओठ वर येतो, मग मिटल्यासारखे डोळे. अठरा-वीस फूट उंच. शाळेच्या पुस्तकातून ब्रह्मा-विष्णू-महेश म्हणून पाठ झालेली ती "त्रिमूर्ती" म्हणजे तिन्ही मुखं शिवाचीच, हा सदाशिव आहे, असं काका म्हणाले. मधलं शांत. आपल्या डाव्या हाताचं उग्र, भुवई चढलेली, हातात नाग. उजवीकडचं बाईसारखं नाजूक, हातात कमळ. काकू उग्र मुखापुढे बराच वेळ उभ्या होत्या. "हे आमच्या ह्यांच्यासारखं," म्हणाल्या, आणि पुढे गेल्या. चार दारांच्या गाभाऱ्याला त्यांनी प्रदक्षिणा घातली, दारादाराशी उभ्या असलेल्या द्वारपालांपुढे मान वर करून थांबत. बाकीच्यांनी अर्धनारीश्वर, गंगाधर पाहिला. नियोजनातला सव्वा तास पुरला. मला एकटीला आणखी दोन तास चालले असते.

जेवण चांगलं झालं. तांदळाची भाकरी, शाकाहाऱ्यांना वालाची आमटी. मासळीच्या सातांपैकी दोघांनी बांगडा समोर आल्यावर मार्गशीर्ष पुढच्या वर्षावर ढकलला, आणि ताटं पुन्हा कमी-जास्त झाली.

धक्क्यावर

गटाचे आम्ही मुद्दाम तीन भाग केले होते. काकू, पाच ज्येष्ठ आणि मी असे सात जण आधी निघणार, आगगाडीने सावकाश धक्क्यावर पोचणार. मधले सहा जण बाजार करत येणार. मुलं, भाऊजी आणि एक वहिनी असे सहा जण जेवण लवकर उरकून तोफांच्या टेकडीवर जाऊन पळत उतरणार. ही विभागणी मला अजूनही बरोबर वाटते. सर्वांत हळू चालणाऱ्याला आधी सोडलं की बाकीच्यांना त्याच्यासाठी ताटकळावं लागत नाही, आणि त्यालाही आपल्यामुळे उशीर झाला असं वाटत नाही.

दोन वाजून वीस मिनिटांनी आम्ही सात जण बोटीपाशी होतो. बोट लागलेली, पाणी वर, बसायला जागा. तपासनिसाने हात पुढे केला: "तिकिटं?"

तिकिटं पाकिटात, पाकीट भाऊजींच्या खिशात, भाऊजी टेकडीवर. फोन लागला तेव्हा मागून मुलांचा आरडाओरडा ऐकू आला. ते अजून तोफेवर बसून फोटो काढत होते. मी तपासनिसाला १९ जणांची यादी दाखवली, सकाळचा बोटीतला फोटो दाखवला. तो माणूस उद्धट नव्हता. "ताई, मी तुम्हाला सोडलं तर मागचे पन्नास जण फोटोच दाखवतील." खरं होतं त्याचं.

तेवढ्यात काकूंनी पदर पुढे घेतला. गाठ बोटांनी सुटेना, दातांनी सोडवली. पुडी उलगडून तिकीट त्याच्या हातावर ठेवलं. त्याने बघितलं, "या आजी," म्हणाला. काकूंनी मागे आमच्या सहा जणांकडे पाहिलं, तिकीट त्याच्या हातातून परत घेतलं आणि पुन्हा पदरात बांधलं. अडीचची बोट आमच्याशिवाय गेली.

टेकडीवरची मंडळी २ वाजून ५५ मिनिटांनी धापा टाकत आली. तीनची बोट भरलेली होती, आम्ही १९ त्यात मावलो नसतो आणि गट तोडायची माझी तयारी नव्हती. साडेतीनची मिळाली. भरती होऊन दोन तास झाले होते, पाणी पायरीभर उतरलं होतं, खालची पायरी ओली होती पण शेवाळाची पातळी अजून झाकलेली. काकूंना या वेळी हात द्यावा लागला. हीच गोष्ट अष्टमीला केली असती तर सकाळी साडेदहाला ओहोटीच्या तोंडी उतरावं लागलं असतं. आणि आखणी अडीचऐवजी शेवटच्या बोटीभोवती असती तर हा तासभर आणायचा कुठून होता, ते मला सांगता येणार नाही.

भाऊजी बोटीत कोणाशी बोलले नाहीत. मी त्यांना दोष देत नाही. तिकिटं एकाकडे असावीत हे मीच ठरवलं होतं, हिशेबाला सोपं म्हणून. गटाचे तीन तुकडे केले तेव्हा तिकिटांचेही तीन करायला हवे होते. हे माझ्या लक्षात आलं नाही, सर्वांच्या आधी स्वतःचं तिकीट मागून घेणाऱ्या बाईला सकाळीच कळलं होतं.

हिशेब

मोठ्यांची वर्गणी ७००, मुलांची ४००, एकूण १२,१००. रेल्वे आणि टॅक्सी ज्याची त्याने. बोट वरच्या मजल्यासकट ४,४६०, लेणी ६००, आगगाडी ३८०, जेवण ४,१८०, डोली २,०००. उरले ४८०.

डोलीवरून कुरबुर झाली. "ज्याची डोली त्याने द्यावी," असं तिघांचं म्हणणं. मी ती सामायिक खर्चात धरली आणि तीच बरोबर मानते. सव्वाशे पायऱ्यांचं ठिकाण गटाने निवडलं, काकूंनी नाही. मुलांसाठी वरच्या मजल्याचे पैसेही सगळ्यांच्याच खिशातून गेले, त्यावर कोणी बोललं नव्हतं.

कुरबुर काकूंच्या कानावर गेलीच. सोमवारी सकाळी त्या दोन हजारांचं पाकीट घेऊन दारात. मी घेईना, त्या जाईनात. शेवटी म्हणाल्या, "बरं, सहलीचे नको. लिफ्टच्या निधीत घे." तळमजल्यावर राहणाऱ्या बाईंनी लिफ्टला पैसे द्यायचे! पण देणगी नाकारायचा खजिनदाराला अधिकार नाही. मी रीतसर पावती फाडली. त्यांनी ती वाचली, रक्कम अक्षरी बरोबर आहे ना ते पाहिलं, चार घड्या घातल्या आणि पदराच्या टोकाला बांधली.